वाफेचे कसब आणि बंदीचे मौन

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात संसदेच्या कायद्याने ती कायम झाली. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात या साऱ्यांना हा कायदा मनाई करतो. संपूर्ण यंत्राप्रमाणेच त्याचा सुटा भागही त्याच्या कक्षेत येतो. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षेची तरतूद आहे. कायदा कडक आहे आणि त्याचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे. बंदीने उघड्यावरचे दुकान मिटले. परंतु ज्या वस्तूंपासून हे यंत्र घरच्या घरी सजते त्या तार, कापूस आणि लिथियमचा सेल या वस्तू कोणत्या कायद्याने मिटणार? आणि त्या जोडताना काय चुकले म्हणजे हात, जबडा वा प्राणही जातो, हे आमच्या तरुणांना त्यांच्या भाषेत कोणी सांगावयाचे?

प्रथम ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण तिच्याविषयी हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती कधी उघडून पाहिलेली नसते. सिगारेटमध्ये तंबाखू जळते आणि तिचा धूर छातीत जातो. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, निदान जळू नये अशी अपेक्षा असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन या दोन द्रवांत बहुधा निकोटीन आणि काही सुवास मिसळलेला असतो. विजेने तापलेल्या तारेवर हे मिश्रण उकळते आणि आपण ज्याला वाफ म्हणतो ते वस्तुतः त्याच द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांचे धुके असते. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली बिनधुराच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. परंतु ती बाजारात रुजली नाही. आजच्या यंत्राचे जनकत्व सामान्यतः चीनमधील औषधशास्त्रज्ञ हॉन लिक यांना दिले जाते. २००३ साली त्यांनी ते घडविले आणि पुढील दहा वर्षांत ते जगभर पसरले.

या यंत्राचाच एक प्रकार म्हणजे ‘ड्रिपर’. बाजारी यंत्रात द्रवाची टाकी असते, ड्रिपरमध्ये ती नसते. बाटलीच्या बुचाएवढी धातूची बैठक, तिच्यावर दोन लहान खांब, खांबांत स्क्रूने आवळलेले तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि त्या वेटोळ्यातून ओवलेला कापूस, एवढाच त्याचा संसार. वरची टोपी काढून कापसावर चार-सहा थेंब टाकावयाचे, बटण दाबून काही झुरके घ्यावयाचे आणि पुन्हा थेंब टाकावयाचे. समईची वात जशी तेल ओढून ज्योतीपाशी नेते, तसा हा कापूस द्रव ओढून तारेपाशी नेतो. वात कोरडी पडली की समई काजळी धरते. येथे कापूस कोरडा पडला की तो करपतो आणि त्या करपलेल्या झुरक्यात फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये उतरतात. ज्याने हा झुरका एकदा घेतला तो त्याची चव विसरत नाही असे म्हणतात. परंतु चव विसरली नाही म्हणून त्या झुरक्याने केलेली हानी भरून निघते असे नाही.

कॉइल विकत न घेता स्वतः वळणे हे ड्रिपरच्या नादातील मुख्य कौतुक आहे. येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे, नाही तर पुढील सारे बोलणे उपदेशाचे फुकट पीठ दळणे ठरेल. या कामात खरे आकर्षण आहे आणि ते सर्वस्वी व्यसनाचे नाही. लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची ‘कँथल’ ही मिश्रधातू विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमध्ये भट्ट्यांसाठी निघाली. निकेल आणि क्रोमियमची ‘नायक्रोम’ त्याहूनही जुनी, विजेच्या शेगडीतून आणि इस्त्रीतून आपल्या घरात कधीच आलेली. हीच तार तीन मिलिमीटर जाडीच्या सळईवर सहा-सात फेरे गुंडाळावयाची, वेटोळे सारखे बसवावयाचे, ते आतून बाहेर एकसारखे लाल होते की नाही हे पाहावयाचे, यात बोटांचे कसब लागते. जाड तारेवर बारीक तार वेढून जी कॉइल करतात तिला ‘क्लॅप्टन’ असे नाव पडले आहे, कारण गिटारची जाड तार तशीच घडविलेली असते आणि एरिक क्लॅप्टन हा विख्यात गिटारवादक. ज्या गोमंतकात गिटार आणि व्हायोलिन घरोघरी वाजते तेथे हे नाव कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. आमचा तरुण मूर्ख आहे म्हणून तो या नादी लागतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हाताने काही घडविण्याची भूक त्याला आहे. शाळेने ती भागविली नाही, म्हणून ती येथे येऊन भागते.

परंतु या कसबाच्या मुळाशी एक नियम आहे, आणि तो ज्याला उमगला नाही त्याच्या हाती हे यंत्र म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच होय. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ साली मांडलेला हा नियम आपल्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि प्रत्येक विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करतो. विद्युत्दाबाला तारेच्या रोधाने भागले की विद्युत्प्रवाह मिळतो. पूर्ण भारित लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध १ ओहम असेल तर तिच्यातून ४.२ अँपिअर प्रवाह वाहील. रोध अर्धा ओहम झाला की ८.४ अँपिअर. ०.२ ओहमवर २१ अँपिअर आणि ०.१ ओहमवर ४२ अँपिअर. प्रचंड धुके हवे म्हणून रोध उतरवीत जाणारा मुलगा कागदावर दशांश चिन्हापुढचा एक आकडा बदलतो. सेलच्या दृष्टीने मात्र तो चालत्या बैलाला एकाएकी दहा गाड्या जुंपीत असतो.

येथेच दोन ठिकाणी नवखा फसतो. पहिली गोष्ट अशी की, ड्रिपरमध्ये बहुधा दोन कॉइल शेजारी शेजारी बसवितात. तार दुप्पट झाली म्हणजे रोधही दुप्पट होईल, असे सामान्य बुद्धीला वाटते. प्रत्यक्षात या दोन कॉइल समांतर जोडलेल्या असल्याने रोध निम्मा होतो आणि सेलवरील भार दुप्पट होतो. दुसरी गोष्ट आपल्याकडील बाजाराची आहे. तारेची जाडी ‘गेज’मध्ये सांगतात, परंतु अमेरिकी गेज आणि आपल्याकडे रूढ असलेले ब्रिटिश गेज एक नव्हेत. अमेरिकी मापाची २६ गेजची तार सुमारे ०.४ मिलिमीटर जाड असते, तर ब्रिटिश मापाची २६ गेजची तार सुमारे ०.४६ मिलिमीटर. अमेरिकी तक्ता समोर ठेवून आपल्या दुकानातील तार कोणी तितकेच फेरे वळली, तर ज्या कॉइलचा रोध १ ओहमच्या आसपास यावयाचा तो पाऊण ओहमवर येतो. एक ओहमच्या घरात हा फरक कदाचित निभावेल; जेथे हिशेब आधीच काठावर आहे तेथे तो निभावणार नाही. म्हणून जे जाणते आहेत ते ओहममीटरवर रोध मोजल्याविना कॉइल कधीही सेलला लावीत नाहीत. मोजमाप हा त्यांच्या कसबाचा पहिला धडा आहे आणि बंदीच्या अंधारात जे शिकतात त्यांच्याकडून पहिल्याने गळतो तो हाच धडा.

आता सेलविषयी. या यंत्रांत वापरला जाणारा नेहमीचा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. म्हणून त्याला १८६५० म्हणतात. बाहेरून सारे सेल सारखे दिसले तरी एक सतत २० अँपिअर प्रवाह देऊ शकतो, तर जुन्या लॅपटॉपमधून काढलेला दुसरा त्याच्या निम्माही भार सोसत नाही. या आकाराच्या अस्सल सेलची क्षमता साधारणतः ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या फारशी पुढे जात नाही. असे असता वेष्टनावर ९९०० छापलेले सेल राजरोस विकले जातात. ज्याने वेष्टनावर असे खोटे छापले, त्याने आत काय भरले असेल याची कल्पनाच करावी. शिवाय या सेलचे वरचे टोक सोडले तर जवळजवळ सबंध अंग ऋण ध्रुव असते; त्यावर असते ते केवळ प्लास्टिकचे एक पातळ आवरण. ते फाटले, किंवा सेल खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर मोकळा टाकला, की क्षणार्धात शॉर्ट सर्किट होते. खिशातच सेल पेटून मांडी भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

या सर्वांवर कडी करणारा प्रकार म्हणजे ‘मेकॅनिकल मॉड’. नेहमीच्या यंत्रात विद्युत्प्रवाह आवरणारे एक मंडल असते. शॉर्ट सर्किट झाले वा रोध फार उतरला तर ते यंत्र बंद पाडते. मेकॅनिकल मॉडमध्ये असले काही नसते. एक धातूची नळी, आत सेल, खाली बटण आणि वर ड्रिपर. त्यातील काही घडणींत ड्रिपरची मधली खीळ थेट सेलच्या टोकावर टेकते. ती खीळ पुरेशी बाहेर आलेली नसेल तर ड्रिपरच्या धातूचाच स्पर्श सेलला होतो आणि बंद नळीत सेल तापू लागतो. आतील वायूला वाट मिळाली नाही म्हणजे ती नळी नळी राहत नाही, तोफ होते, आणि तिचे तोंड ओढणाऱ्याच्या मुखाकडे असते. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडा राज्यात आणि २०१९ साली टेक्सास राज्यात ई-सिगारेटच्या स्फोटाने प्रत्येकी एक तरुण मृत्युमुखी पडला. ज्या देशात ही यंत्रे उघडपणे विकली जातात आणि त्यांच्याविषयी हवे तेवढे लिहिले-बोलले जाते, तेथे हे घडले. जेथे सारे लपून चालते तेथे काय घडेल?

स्फोट टळला म्हणजे सारे टळले असेही नव्हे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ५६ जणांच्या यंत्रांतील धुके तपासले, तेव्हा त्यात शिसे, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज या धातूंचे अंश आढळले. बाटलीतील द्रवात ते अत्यल्प होते. तापलेल्या कॉइलचा संपर्क आल्यावर वाढले. ज्यांच्या कॉइल वारंवार बदलल्या जात त्यांच्या धुक्यात या धातूंचे प्रमाण अधिक असण्याकडे कल दिसला, हे कॉइल स्वतः वळणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. द्रवाची कथा तर याहून गंभीर आहे. २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या एका अपरिचित विकाराची साथ उसळली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ६८ जण दगावले. त्याचे मुख्य कारण निघाले ते चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या, गांजाचा अर्क असलेल्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट. आपल्याकडे तर आता या वस्तूंचा चोरटा बाजार तेवढाच शिल्लक आहे. बाटलीत काय आहे हे तेथे विकणाराही सांगू शकणार नाही. ड्रिपरमध्ये धुके अमाप निघते, म्हणून जाणकार त्यात निकोटीनचे प्रमाण अगदी थोडे ठेवतात. लहान यंत्रासाठी केलेला तीव्र द्रव अज्ञानाने त्यात ओतला तर भोवळ, मळमळ आणि त्यापुढील सारे ओघाने येते. तीच बाटली घरातील लहान मुलाच्या हाती लागली तर काय अनर्थ होईल, हे वेगळे सांगावयास नको.

यावर एक आक्षेप येईल आणि तो उपेक्षणीय नाही. एवढ्या तपशिलाने लिहिणे म्हणजे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना वाट दाखविणे नव्हे काय? आमचे उत्तर असे की, वाट त्यांना आधीच ठाऊक आहे. वाटेवरचे खड्डे तेवढे ठाऊक नाहीत. तंबाखूचा इतिहास येथे बोलका आहे. ही वनस्पती पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर आणली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली, बादशहाने झुरका घेतला आणि हकीम विरोध करीत राहिले. जहांगिराने १६१७ साली तंबाखू ओढण्यास मनाई केली. त्या फर्मानाचे पुढे काय झाले ते सांगण्याची आवश्यकता आहे काय? गोव्यात तर पोर्तुगीज सत्तेने तंबाखूची मक्तेदारी चालवून महसूल गोळा केला आणि ब्राझीलमधील बाहियाची तंबाखू समुद्रमार्गे येथे येत राहिली. आमच्या शेजारच्या निपाणीत ज्या तंबाखूवर हजारो कुटुंबांची चूल पेटते, तिच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. विडी आणि सिगारेट कायद्याने आजही विकल्या जातात. तेव्हा धुराच्या बाबतीत राज्यकर्त्यांची नीती सदैव एकसूत्री होती, असे कोणी म्हणू नये. आणि बंदीचा कागद निघाला म्हणजे विषय संपला, असेही मानू नये.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल. ब्रिटनमध्ये सरकारच धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेटकडे वळविते, मग आपण भ्यावे का? हे खरे आहे की, तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ साली ई-सिगारेट ही सिगारेटहून पुष्कळच कमी घातक असल्याचे मत दिले आणि सिगारेट सोडण्यास तिचा उपयोग होतो असे पुढील अभ्यासांतूनही दिसून आले. परंतु त्याच ब्रिटनमध्ये द्रवातील निकोटीनला आणि टाकीच्या आकाराला कायद्याची मर्यादा आहे, आणि मुलांच्या हाती पडणारी एकदाच वापरून टाकावयाची यंत्रे १ जून २०२५ पासून तेथे विक्रीतून हद्दपार झाली आहेत. पन्नाशीच्या माणसाने वीस वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी तपासलेले यंत्र हाती धरणे ही एक गोष्ट; ज्याने कधी विडीलाही हात लावला नाही अशा अठरा वर्षांच्या मुलाने धुक्याचे ढग सोडण्याच्या चुरशीत निकोटीनशी नाते जोडणे ही सर्वस्वी दुसरी. पहिलीचा युक्तिवाद दुसरीच्या समर्थनार्थ वापरणे अप्रामाणिकपणाचे आहे. आणि गोव्याला येथे गमावण्यासारखे बरेच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे प्रमाण देशात २८.६ टक्के आढळले. गोव्यात ते ९.७ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वांत कमी होते. एवढी मोलाची कमाई नव्या धुक्यात विरून जाऊ देणे कोणत्याही सुज्ञ गोमंतकीयास रुचणार नाही.

मग करावे काय? पोलिसांनी चोरटा व्यापार आणि त्यामागील धनी शोधावेत. मात्र ज्या मुलाच्या दप्तरात तार आणि कापूस सापडला त्याला गुन्हेगाराच्या रांगेत उभे करू नये. कायद्याचा रोख व्यापारावर आहे, केवळ ओढणाऱ्यासाठी त्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, आणि हा विवेक अंमलबजावणीतही दिसला पाहिजे. शाळांनी ओहमचा नियम फळ्यावरून खाली उतरवून मुलांच्या हातात द्यावा. सेल, तार आणि मीटर समोर ठेवून, समांतर जोडणीत रोध का उतरतो, लिथियमचा सेल का पेटतो, हे एकदा प्रत्यक्ष दाखविले तर ते ज्ञान ड्रिपरपुरते राहणार नाही. मोबाइल, स्कूटर आणि घरातील इन्व्हर्टर यांनाही ते उपयोगी पडेल. ज्याची बोटे बारीक तार नेमकी वळू शकतात त्याला सोल्डरिंगची, वाद्यदुरुस्तीची, यंत्रदुरुस्तीची वाट दाखविणारे कोणी भेटले तर त्याच बोटांतून उद्या चरितार्थ चालेल. आणि जे निकोटीनच्या पाशात आधीच सापडले आहेत त्यांच्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. तो क्रमांक औषधांच्या दुकानांत आणि महाविद्यालयांच्या फलकांवर ठळक दिसला पाहिजे. बंदी करणाऱ्या सरकारवर, सुटू पाहणाऱ्याला हात देण्याची जबाबदारी दुप्पट येते.

ड्रिपरच्या वाटेला अद्याप न गेलेल्या तरुणांना आमचे सांगणे एकच आहे: जाऊ नका. यात भीतीचा बाऊ नाही, वर मांडलेला हिशेब आहे. जे गेले आहेत त्यांना आम्ही शिव्या देणार नाही. सुटता येत असेल तर सुटा, आणि सुटेपर्यंत, न मोजलेली कॉइल, फाटक्या वेष्टनाचा सेल, मंडल नसलेली नळी आणि कोणी भरली हे ठाऊक नसलेली बाटली या चार गोष्टींना हात लावू नका. पालकांना विनंती अशी की, मुलाच्या टेबलावर तारेचे तुकडे दिसले तर आरडाओरड करण्यापूर्वी शेजारी बसून त्याला विचारा, हे काय करतोस आणि याचा रोध किती? त्याने उत्तर दिले तर बोलणे पुढे चालेल. देता आले नाही, तर ते दोघांनी मिळून शोधावे. तेवढ्या अवधीत बटण दाबले जाणार नाही, हाही काही लहान लाभ नव्हे.